ओल्या फरशीवर

"मावशी, ज़रा बैठके उठो ना. स्क्रीनवाली से मिलाते हैं."

मॅडमच्या रेवाचा मित्र म्हणाला. मी पोह्यांच्या बशा वाटत होते. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत एक बाई फरशी पुसत होती. चित्रातली, पण पदर माझ्यासारखाच खोचलेला. पुसत पुसत मागे सरकायची. उठताना डावा हात गुडघ्यावर, उजवा भिंतीला. मी अशीच उठते.

मी ट्रे खाली ठेवला. बसले. उठले.

कोणी जबरदस्ती केली नाही. सांगितलं की करायचं, एवढंच अंगाला माहीत. डोकं मागून आलं. तोवर सगळे हसले होते. मॅडम हसल्या. साहेब बशीत बघून हसले. रेवा टाळी वाजवून म्हणाली, "देखा? सेम टू सेम."

कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टर सहामधलं हे क्वार्टर मी रेवा रांगत होती तेव्हापासून पुसत आले. चालायला लागली तशी ती ओल्या फरशीवर मुद्दाम धावायची. मी म्हणायचे, "आता तं पुसलं होतं न माय." ती खिदळायची, परत धावायची. मी परत पुसायचे. मला मूल नाही. दिवसातला तेवढा अर्धा तास मला पुरायचा.

आता ती बाहेरगावी शिकते. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचं शिक्षण. कॉलेज संपल्यावरचं, आणखी मोठं. शेवटच्या वर्षी स्वतःचा एक खेळ करून दाखवावा लागतो. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मला तू पाहिजेस."

तिनं माझ्या कोपरांना, गुडघ्यांना, कमरेला पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले. दोन बाजूंना दोन मोबाइल उभे केले. पुसलेलीच खोली मी परत परत पुसली. "एक बार और, मावशी. धीरे उठो." चार दिवस. ते फरशीवरचं जुनं वाक्यही माझ्याकडून म्हणवून घेतलं. गुडघा सुजला. तरी मनातून खूश होते. माझ्या गावी, उतईला, नळावर बायांना सांगितलं, "आमची रेवा माह्यावर शिकून राहिली." मी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली.

खेळ काय आहे, ते त्या पोह्यांच्या दिवशी पाहुण्यांसमोर कळलं.

खेळणारा म्हणजे एक लहान मुलगी. तिनं ओल्या फरशीवर पाय उमटवायचे. एका पावलाला दहा गुण. बादली सांडली तर पन्नास. मग बाई वळते, कमरेवर हात ठेवते आणि माझ्याच आवाजात म्हणते, "आता तं पुसलं होतं न माय." परत बसते. बाईनं सगळी फरशी पुसून संपवली तर खेळणारा हरला.

मला वाटलं, मला नीट समजलं नाही. मी विचारलं, "म्हणजे माहं काम पुरं झालं का तू हरली?"

"हाँ मावशी. वही तो मज़ा है."

सगळे आळीपाळीनं खेळले. शेजारचे काका तर तिसऱ्यांदा मागत होते. "रुको, इस बार बाल्टी पक्का गिराऊँगा." पावलं उमटत होती. ती बाई बसत होती, उठत होती, बसत होती. तिला थांबवायचं बटणच नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. इतकी वर्षं मला वाटायचं, आम्ही दोघी खेळतो. ती खेळत होती. मी पुसत होते.

पाहुणे गेल्यावर रेवानं कागद आणला. इंग्रजीत होता. खाली माझ्या सहीची जागा.

"काय लिहिलं ते सांग," मी म्हणाले.

अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत तिनं सांगितलं. माझं चालणं, उठणं-बसणं, माझा आवाज मी राजीखुशीनं दिला. खेळ कुठंही दाखवला, विकला तरी माझी हरकत नाही. हा कागद नसेल तर कॉलेज खेळ घेणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "अगं, कौतुकानं केलंय तिनं. तू काय परकी आहेस का?"

त्या सोफ्यावर होत्या. मी उभी. त्या सोफ्यावर मी कधीच बसलेली नाही, फक्त त्याच्याखालचं पुसलं आहे.

"नाही करत सही."

आवाज इतका बारीक निघाला की कोणाला ऐकूच गेला नाही. परत म्हणावं लागलं.

"कावून?" साहेबांनी विचारलं.

"त्या बाईचं काम कधी पुरंच होत नाही जी. तसं मी लिहून नाही देत."

मॅडम म्हणाल्या, "एवढा जीव लावून ठेवलं, त्याचं हे. मग उद्यापासून येऊ नको."

रेवा रडायला लागली. "मावशी, मेरा पूरा साल चला जाएगा." तापात असायची तेव्हा तिचं नाक असंच लाल व्हायचं. माझा हात तिच्या डोक्याकडे गेला. मी तो मागे घेतला. नवरा गेला तेव्हाही मला इतकं जड गेलं नव्हतं.

"दुसरा खेळ बनव, माय. तुले येते," मी म्हणाले. चपला घातल्या आणि निघाले.

त्यानंतर रेवा दोनदा उतईला आली. दोन्ही वेळा कागद घेऊन. मी तिला खाटेवर बसवलं, चहा दिला, कागद तिच्या हातात परत दिला. काल जाताना ती माझ्याकडे न बघताच गेली. तिचं वर्ष जाईल, हे मला ठाऊक आहे. जीव अजून तिच्यातच आहे. ती तिसऱ्यांदा आली तरी मी सही करणार नाही.