मागं सरणारी बैलजोडी

थोरला भाऊ आंब्यावरून पडला तेव्हाची त्याची हाक मला अजून ऐकू येते. "सोडू नका रं!" एवढंच तो ओरडला होता. फांदी दोराला बांधून तोडलेली, दोराचं दुसरं टोक खाली मजुरांच्या हातात. त्यातल्या एकाचा तळहात दोराने भाजला आणि त्याने हात काढला. बाकीच्यांना भार पेलला नाही. सुटलेली फांदी झोका खाऊन दादावरच आली.

दादा वाचला, पण उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. त्याहून वाईट म्हणजे माणूस गप्प झाला. ज्याचं भजन ऐकायला दुसऱ्या पेठेतून लोक यायचे, तो दिवसभर उंबऱ्यात बसून रस्ता बघायला लागला. समोरून कुणी खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन गेलं तरी तोंड फिरवायचा.

आमचं काम झाडं पाडण्याचं नव्हे. पाडणारे कोल्हापुरात ढिगाने होते. वखारवाल्यांची माणसं कुऱ्हाड घेऊन यायची आणि झाड रस्त्यावर आडवं करून जायची. आम्ही घरावर, भिंतीवर, तारांवर आलेली फांदी झाड न पाडता अलगद खाली उतरवून द्यायचो. संस्थान विलीन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पेठापेठांतून विजेच्या तारा वाढत होत्या आणि असल्या कामाला आता बरकत येणार हे मला स्पष्ट दिसत होतं. घरचे म्हणत होते, पुरे झालं, कुठेतरी पट्टेवाल्याची नोकरी बघ. मी जात्याच हट्टी. मी ठरवलं की धंदा चालवायचा, पण फांदीचा भार माणसाच्या तळहातावर ठेवायचा नाही. आणि दादाला उंबऱ्यातून उठवून पुन्हा या कामात आणायचं. हे दुसरं मी कुणाला बोललो नाही, पण मनातून तेच पहिलं होतं.

हत्यारं नव्याने जमवायला घेतली. कुऱ्हाड कमी केली. कुऱ्हाडीच्या घावाने फांदी चिरते आणि झाडाची सालपटं निघतात, म्हणून लोहाराकडून लांब दातांची करवत करून घेतली. काथ्याचे जुने दोर आईला धुणं वाळत घालायला देऊन टाकले. नवा दोर घायपाताचा, विहिरीच्या मोटेला लावतात तसला जाड नाडा. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा, उन्हात वाळवायचा, मग वीत वीत बोटांनी चाचपायचा. दुकानदार वैतागून म्हणाला, "पावणं, दोर न्यायचाय का सोयरीक जमवायचीय?" मी म्हटलं, सोयरीकच समजा. मोटेचं लाकडी चाकही घेतलं, वरच्या फांदीला टांगून नाडा त्यावरून सोडायला.

आता प्रश्न उरला नाड्याचं खालचं टोक कुणाच्या हाती द्यायचं हा. मामा म्हणाला, मोटार घे. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या विकायला आल्या होत्या, आणि मामाच्या ओळखीच्या एका कारखान्यात तसला एक ट्रक उभा होता. मामाला मोटारीचं भारी वेड. स्वतःची सायकल पंक्चर असली तरी बोलणं ट्रकचंच. मी गेलो. कारखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाला चाक टांगलं, नाड्याला दगडांचं पोतं बांधलं, दुसरं टोक ट्रकला. वर उचललं झकास. मग म्हटलं, आता मागं घ्या आणि पोतं हळू खाली सोडा. क्लच सुटला आणि ट्रकने अशी उडी मारली की पोतं दाणकन आपटून फुटलं.

"डायव्हर नवा हाय रं," मामा म्हणाला.

"आणि पोत्याच्या जागी कौलं असती तर?"

मामा पोत्यातले सांडलेले दगड गोळा करायला लागला. त्याने असं हाताने काम केल्याचा प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

उत्तर सापडलं ते कोडोलीला. एका पाहुण्याकडे जेवायला गेलो होतो. शेजारच्या मळ्यात पाणी उपसायचं नवं इंजिन फटफटत होतं आणि विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल ये-जा करतात त्या उतारावर, गवत माजलेलं. बाजूला मोटेची जोडी नुसती रवंथ करत उभी. मी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिलो. मोटेचा बैल पुढे चालून भरलेली मोट वर काढतो हे सगळ्यांना माहीत असतं; पण रिकामी मोट खाली जाताना तो पाऊल पाऊल मागे सरतो, भार अंगावर धरून, घाई न करता. मला हवं होतं ते हेच. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. मळ्याचा म्हातारा मालक म्हणाला, खाटकाला द्यायला जीव होत नाही, घेऊन जा. त्याच दिवशी जोडी घेतली. फांद्या न्यायला एक गाडीही घेतली, म्हणजे फांदी पेलणारे बैल तेच आणि वाहून नेणारेही तेच.

गल्लीत हसू झालं. इंजिनाच्या, मोटारीच्या काळात मी मोटेचे बैल घेऊन आलो होतो. मी म्हटलं, बघाच. आमच्या परड्यामागच्या मोकळ्या जागेत तसंच दगडांचं पोतं, तोच नाडा. बैल पुढे गेले, पोतं वर गेलं. आणि बैल तिथेच थांबले. मी "मागं, मागं" म्हणालो. कासरा ओढला, चुचकारलं, ओरडलो, शिव्या दिल्या. बैलांनी मान वळवून माझ्याकडे नुसतं बघितलं. सगळी गल्ली भिंतीवर बसून खिदळत होती आणि मामाला तर ट्रकचा सूड उगवायला मिळाला होता.

"बैलास्नी रिव्हर्स गेर न्हाय व्हय रं?"

माझा असा संताप झाला की तशीच गाडी जुंपून कोडोली गाठली, भांडायला. म्हाताऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग धावेच्या कडेला बसला, कानावर हात ठेवला आणि लांब सुरात एक हाक लावली. तिच्यात शब्द असे नव्हतेच. हेल चढायचा आणि हळूहळू उतरत जायचा. त्या उतरत्या हेलाबरोबर माझे बैल गाडीसकट मागे सरकायला लागले.

"बैल इकला, गळा न्हाय इकला," म्हातारा म्हणाला. "मोटंवर गाणं लागतंय की! न्हाय तर त्यास्नी काय कळायचं?"

मी तिथेच प्रयत्न केला. माझा गळा बेडकाचा. एका बैलाने कान हलवला, तोसुद्धा माशीसाठी.

परत येताना सबंध वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. गळा आमच्या घरात होता. तो उंबऱ्यात बसला होता. घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "दोराला हात लावणार न्हाय मी."

"लावू नगंस. नुसती हाक मार."

"मला त्यातलं काय सांगू नगं."

मी आठवडाभर त्याच्या कानाशी कटकट केली. शेवटी कटकटीला कंटाळूनच तो गाडीत चढला असावा. कोडोलीला म्हाताऱ्याने पुन्हा पुन्हा हाक ऐकवली. दादा मांडीवर हात ठेवून बसला होता, हाक लावायचं नाव नाही. परतीला निघालो तेव्हा मी मनातून पार खचलो होतो. जोतिबाचा डोंगर मागे पडला आणि कुठूनतरी बारीक आवाज आला. दादा स्वतःशीच तो हेल घोळवत होता. बैल थबकले आणि आमची गाडी कोल्हापूर सोडून उलटी कोडोलीकडे निघाली. मागून येणारा सायकलवाला "अरे अरे" करत शेतात घुसला. दादा हसला. पडल्यापासून पहिल्यांदा. मी रस्त्याच्या मधोमध रडलो, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

पहिलं काम मिळालं एका निवृत्त मास्तरीणबाईंचं. त्यांच्या परड्यातली चिंच जुनी, आणि तिची एक दांडगी फांदी थेट घरावर आलेली. बाकीचे म्हणत होते, झाडच पाडा. बाईंना झाड हवं होतं. "कौलांना किंवा चिंचेला धक्का लागला, तर पुन्हा माझ्या दारात उभे राहू नका," त्यांनी स्वच्छ सांगितलं. कोल्हापुरात एका घरी नाव गेलं की सगळीकडे गेलं. मी होय म्हटलं.

मी वर होतो, करवत घेऊन. परड्यापलीकडच्या मोकळ्या जागेत बैल, कासऱ्याला एक रोजंदारीचा गडी, आणि दादा नुसता हाक मारायला म्हणून दगडावर बसलेला. तशी त्याची अटच होती. पानांमुळे मला खालचं काही दिसत नव्हतं. नाडा ताणला गेला, मी करवत चालवली, आणि शेवटी फांदी मोडली ती बार उडाल्यासारखी. बैल बुजले. नाडा थरथरला, फांदी कौलांवर डोलायला लागली. खालून गड्याचा आवाज आला, "मेलो!", आणि पळणारी पावलं. त्याने कासरा सोडला होता. मला तो आंबा आठवला. खोडाला मिठी मारून मी डोळे मिटले.

मग हाक आली. मोकळ्या गळ्याने, चढत गेलेली, आणि सावकाश उतरलेली. नाडा चाकावरून हातभर सुटला आणि थांबला. पुन्हा हाक, पुन्हा हातभर. फांदी कौलांवरून बाजूला सरकली, आणि परड्यात एवढ्या हळू टेकली की बाईंच्या तुळशीची कुंडीसुद्धा हलली नाही.

मी घाईघाईने उतरून परड्याच्या भिंतीपलीकडे धावलो. दादा बैलांच्या मध्ये उभा होता, ताठ पाय फाकवून. कासरा मनगटाला गुंडाळलेला, धोतर धुळीने भरलेलं. दगडापासून बैलांपर्यंत तो पाय ओढत गेल्याची रेघ मातीत उमटली होती. मी कासरा घ्यायला हात पुढे केला. त्याने तो दिला नाही. त्याने मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी झाडाकडे बघितलं.

"फुडची कंची?" दादा म्हणाला.