जायफळाचा एक वेढा

जुनं पुस्तक हाती आलं की आधी उलटं धरून झटकायचं, ही बाबांची शिकवण. दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात मी चाळीस वर्षं तेच करत आले. पिंपळपान, लग्नपत्रिका, बसचं तिकीट, काय वाट्टेल ते पडतं. ते बाजूला काढायचं आणि मग पुस्तक मांडायचं. त्यामुळे यंदा जे घडलं त्याचा दोष मशीनवर ढकलून मला मोकळं होता येत नाही.

बाबांनी तरुणपणी एक पुस्तक छापलं होतं, बाळगुटीचं. नागरवाड्यातल्या एका वैद्यांनी लिहिलेलं. आमच्याकडे त्याची एकच प्रत उरली होती. आता म्हणे मागणी येईल तशी एकेक प्रत छापली जाते आणि परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते. गठ्ठे नकोत, गोदाम नको. नव्वदीतल्या बाबांना दुसरी आवृत्ती दाखवावी, या हौसेनं मी ती प्रत लहरीपुऱ्याजवळ स्कॅन करायला नेली. तिथला माणूस म्हणाला, "बेन, छूटा कागळ काढी नाखजो, मशीनमां फसाय छे." सुटे कागद काढायला मला कुणी सांगायला हवं होय! तिथल्या तिथे पुस्तक झटकलं, पडलं ते न बघता पर्समध्ये कोंबलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

पुस्तक वेबसाइटवर विकायला लागलं. महिन्याभरानं आमची प्रत आली. बाबांनी ती हुंगली, डोळ्यांजवळ धरून पानं उलटली आणि विचारलं, "चिठ्ठी कुठाय?"

"कसली चिठ्ठी?"

"शुद्धिपत्राची. जायफळाच्या पानावरची."

ती पर्सच्या तळाशी सापडली. मागच्या डिंकाचे वाळून पापुद्रे झाले होते. मूळ छपाईत १ चे ११ झाले होते. तान्ह्या बाळाला सहाणेवर जायफळाचा एक वेढा उगाळून द्यायचा, तिथे अकरा. जायफळानं मूल झोपतं. जास्त झालं तर उठेल याची खात्री नाही.

तेव्हा चूक कळताच बाबा सायकलवर डिंकाची बाटली घेऊन घरोघर फिरले होते. कोणती प्रत कुणाकडे गेली ते त्यांना तोंडपाठ होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पुस्तक कोणतं, एवढंच कधी विचारलं नव्हतं.

कॉम्प्युटर उघडला. सात प्रती गेल्या होत्या. विक्री थांबवली, त्याच दुपारी आकडा दुरुस्त करून घेतला. पण गेल्या त्या गेल्या. वेबसाइटला लिहिलं. उत्तर आलं, ग्राहकांची माहिती देता येत नाही. लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्द न् शब्द तोच. पलीकडे माणूस आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

तेव्हापासून मला झोपलेलं मूल पाहवत नाही. शेजारणीची नात दुपारी झोळीत झोपते. मी कठड्याशी उभी राहून तिचा श्वास ऐकते. एकदा न राहवून तिच्या आईला विचारलं, "गुटी देतेस का गं?" ती हसली. "मावशी, आता कोण देतं गुटी?" क्षणभर हायसं वाटलं. मग वाटलं, ज्यांनी पुस्तक मुद्दाम मागवलं ते देणारच. नाहीतर घेतील कशाला?

सात प्रती गेल्या, एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. काल सकाळी पाहिलं तर ते धोतर-कोट घालून खुर्चीत बसलेले. मांडीवर डिंकाची बाटली आणि कापून ठेवलेल्या सात चिठ्ठ्या. प्रत्येकीवर लिहिलेलं होतं, एक वेढा.

"सायकल आता जमायची नाही, रिक्षा बोलाव," ते म्हणाले. "पहिलं घर कुठलं?"