सात नंबरची भुकटी

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका कॉलेजात मी पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीसाठी मँगनीजची काळी भुकटी बनवत होते. तिच्यात चिमूटभर क्रोमियम मिसळलं तर बॅटरी लवकर दमणार नाही, असा माझा अंदाज होता. क्रोमियम मी मोजून कागदाच्या पुड्यांत बांधून द्यायची, प्रत्येक नंबरच्या भुकटीला एक पुडी. मिसळून खलायचे ते आमच्या प्रयोगशाळेतले एक मदतनीस, कन्हानहून सायकलने येणारे. खलताना कोणी काही विचारलं तर बत्ता न थांबवता नुसती मान हलवत. मग भुकटी बोटांत चोळून कानाशी नेत. "अजून करकरते," म्हणत आणि पुन्हा बसत.

सात नंबरच्या भुकटीची बॅटरी सगळ्यांत जास्त टिकली. शोधनिबंध पाठवायचं ठरलं, त्या दुपारी मदतनीस माझ्या तापट मार्गदर्शक सरांसमोरच मला म्हणाले, "बाई, सातमध्ये माह्या हातून दोन पुड्या पडल्या. संध्याकाळी मोजल्या तं एक कमी होती. तेव्हा भेव वाटलं. आता तुम्ही छापून राहिल्या, म्हणून सांगतो."

त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. सरांनी निबंधाचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "दुप्पट घालून पुन्हा करा."

तीनदा केली. तिन्ही बॅटऱ्या तशाच टिकल्या.

निबंधात तुमचे आभार मानते, असं मी मदतनिसांना म्हणाले, तेव्हा त्यांचा बत्ता पहिल्यांदाच थांबला.

"चुकलो त्याचे आभार काहून मानता, बाई? नाव नका लिहू."

मी लिहिलं नाही. छापून आलेलं प्रमाण मात्र त्यांच्या हातचं होतं.