अंगणातला काळा चमकुरा

अळूचा एक गड्डा कुंडीत लावला की बाजूनं पिल्लं फुटतच राहतात. किश्श्यांचंही तसंच. मी कळमनुरीत मास्तर आहे. आमच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात आणि चमकुरा म्हटलं की लोकांना वड्याच आठवतात. मला मात्र तो शोभेसाठी लावायचा नाद लागला. काळ्या पानांचा, जांभळ्या देठाचा, पांढरे शिंतोडे उडालेला! या नादात माझ्यासोबत फक्त आमच्या शाळेतले राठोड सर. बाकी सगळं गाव वड्यांच्या पार्टीत.

* * *

काळ्या चमकुऱ्याचे गड्डे मी ऑनलाइन मागवले. पार्सल घरी आलं तेव्हा मी शाळेत होतो आणि सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. संध्याकाळी जेवायला चिंच-गुळातली आरवीची भाजी. मी पुन्हा मागून घेतली, सासूबाईंच्या हाताची तारीफ केली, बोटं चाटली. हात धुताना सहज विचारलं, माझं पार्सल आलं का?

"आलं की," सासूबाई म्हणाल्या. "पण आरवीचे गड्डे इतक्या लांबून काहून मागवता? अन् तेबी एवढेसेच!"

* * *

पुन्हा मागवलेले गड्डे रुजले. पण उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी येणार कधी आणि काळ्या चमकुऱ्याला तर कायम ओल लागते. म्हणून कुंडी बाथरूममध्ये हलवली. आमच्या अंघोळीत त्याचीही अंघोळ! झाड माणसाएवढं वाढलं.

तेवढ्यात पुसेगावचे साडू मुक्कामी आले. पहाटे लाइट गेलेली. ते टॉवेल घेऊन आत गेले आणि तसेच बाहेर येऊन बसले. मी उठलो तेव्हा कोरडेच होते.

"आत कोणीतरी उभं हाय," म्हणाले. "दोनदा खाकरलो, पण हालंना."

* * *

राठोड सरांनी शिंतोडेवाला चमकुरा आईला दाखवायला तांड्यावर नेला. किती दुर्मिळ आहे, कुठून कुठून मागवावा लागतो, सगळं समजावून सांगितलं. आईनं शांतपणे एक पान तोडून बकरीपुढं धरलं. बकरीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

आई म्हणाली, "बकरीला कळलं. तुला मास्तर कुणी केलं रं?"

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये फार रंगवून सांगायचो. मग माझी पाळी आली.

* * *

शोभेचा चमकुरा खाजरा असतो, हे मी वर्गात सांगितलं. पोरांना पटेना. विज्ञान शिकवतो, तेव्हा प्रयोग करणं भाग होतं. पानाचा तुकडा स्वतःच चावला! पुढचे सगळे तास घसा धरून नुसतं फळ्यावर लिहीत राहिलो. वर्ग कधी नव्हे इतका शांत.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर दारातच भेटले. "सर, आज पान आणलं न्हाई व्हय?"

* * *

पितरांच्या जेवणात चमकुरा लागतो आणि गल्लीत तो दिसतो माझ्याच अंगणात. शेजारच्या शांताकाकू पानं मागायला आल्या. मी म्हटलं, हा बघायचा आहे, खायचा नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मास्तर पितरांनाही पान देत नाही. मला फार लागलं ते. झाड राखावं तर शेजार तुटतो, शेजार राखावा तर झाड बोडकं होतं. बायको, सुनीता, म्हणाली, "तुमी कुणाशी बोलूच नका. मी बघते."

आणि चमत्कारच झाला. काकू कुंपणावरून हाका मारून सांगायला लागल्या की तुमच्या चमकुऱ्याच्या वड्या काय खुसखुशीत होतात! गल्ली पुन्हा गोड बोलायला लागली. इकडं झाडं जिथल्या तिथं, एक पान कमी नाही. ज्या पानानं माझा घसा धरला त्याच्या वड्या खुसखुशीत कशा, हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तराला पडू नये? तारीफ ऐकली की माझी अक्कल चरायला जाते. उलट मी काकूंना कुंपणाशी उभं करून शेणखतानं पानाला चव कशी येते, यावर लेक्चर दिलं.

मग एकदा पिशवी धरायला म्हणून सुनीतासोबत आठवडी बाजारात गेलो. भाजीवालीनं तिला लांबूनच ओळखलं आणि न विचारताच चमकुऱ्याच्या जुड्या काढून पुढं ठेवल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, बाई दर बाजाराला एवढा चमकुरा नेऊन राहिल्या. अंगणात दोन गड्डे लावून काहून देत न्हाई त्यांना?"