जंतूचं कूळ सापडेना

भेवाचं असंच असते. एक गोष्ट सांगाले घ्या, मांगून चार येऊन बसतात. साठ साल लागाच्या आधी मी यवतमाळच्या बाहेर एका लॅबमध्ये काचा धुवाले होती. साहेब कपाशीच्या मातीतले जंतू शोधे. तिथच्या भेवाच्या गोष्टी पोत्यानं हायेत!

*

पह्यल्याच दिवशी साहेबानं मले बारीक जंतू मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत डोकवाले लावलं. मातीच्या एका थेंबात बारीक बारीक जीव वळवळून राह्यले!

"हे कुठचे?"

"तुमच्याच वावरातले. रोज अनवाणी चालता ना यांच्यावरून?"

मी घरी गेली ते टाचेवर चालत! जीपवाला रहीमभाई हसला, "भाभी, टाचेखाली बी हायेतच!"

*

घाटंजीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथं माह्या धाकट्या बहिणीच्या, जमनीच्या वावरातून साहेबानं बाटलीभर माती घेतली. आमच्यात माती कोणी नेऊ देत नाही. मूठभर नेली, तिच्यावर मंतर टाकला, की घरचं माणूस खाटेवर पडते.

तांड्याच्या मुखियानं, नायकानं इचारलंच, "साहेब, माती नेता, जीव तं नाही ना नेत?"

"नायकजी, जीव न्यायलाच आलोय!" साहेब जंतूचं बोलला अन् एकटाच हसला.

*

त्या मातीतून एक जंतू निघाला. साहेब त्याले रंग देऊन पाहे, साखरेच्या पाण्यात टाके, दुधात टाके.

मी म्हटलं, "काय साहेब, नागाले दूध पाजता का?"

"नागाचं कूळ तरी माहीत असतं, बाई. याचं एकाही पुस्तकात सापडत नाही. नवीनच दिसतो!"

साहेब खुशीत. रहीमभाईनं मातूर डबा उचलला अन् त्या दिवसापासून जीपमध्ये बसून जेवाले लागला!

*

नवीन जंतू इखारी हाय का, हे पाहाले साहेबानं एका सशाले सुई टोचली. सकाळी मी गवत टाकलं, तं सशानं तोंड फिरवलं.

त्याच दुपारी तांड्यावरून निरोप आला. जमनीचा पोरगा रुपल्या तापानं फणफणून राह्यला, डोळे उघडत नाही. जिथची माती नेली, तिथंच खेळत होता म्हणे.

मले वाटलं, आता साहेब आमच्या मंतराले हसन. साहेबाचं तोंड पांढरंफटक! सशाकडं पाहून हळूच म्हणे, "बाई, हा माणसाला काय करतो, ते मला खरंच माहीत नाही."

*

जीप घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. "पोराला दवाखान्यात नेऊ," साहेब म्हणे.

जमनी रुपल्याले कवटाळून दारात उभी. "माती नेली, आता पोरगं बी नेता? हात नका लावू!"

नायकानं त्याच जागचं ढेकूळ आणून साहेबापुढं धरलं. "मंतर टाकला नसन, तं खाय!"

रहीमभाई ओरडला, "साहब, मत खाओ!"

साहेबानं ढेकूळ फोडलं. हात असा कापे, का अर्धी माती सदऱ्यावर सांडली. उरलेली जिभेवर ठेवली, डोळे मिटले, गिळली. मंग घामानं डबडबून मलेच इचारते, "बाई, सशानं... गवत खाल्लंच नाही का?"

जमनी त्याच्याकडं पाहतच राह्यली. मंग माह्याकडं वळली, "बाई, मंतर टाकणारा आपणच मंतरलेल्या मातीले भेत नसते. हा तं लटलट कापून राह्यला!"

अन् रुपल्याले तिनं सोताच उचलून जीपमध्ये ठेवलं.