उत्तर न ऐकणारी चाचणी

माझी धाकटी जाऊ दवाखान्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी चाचण्या लिहिते, म्हणजे प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालतात. कुठलं आधी संपेल ते देव जाणे. रुग्णाला न चालणारं औषध लिहिलं तर इशारा येतो का, हे बघणारी तिची एक चाचणी कधीच नापास व्हायची नाही. ऑफिसात त्या चाचणीला ‘गुणी बाळ’ म्हणत.

परवा जावेने मुद्दाम तो इशाराच बंद करून पाहिला. तरी बाळ पास. चाचणी प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत निघून जात होती, आणि चूक दिसली नाही म्हणून पास धरली जात होती.

साहेब म्हणाले, “उद्या प्रोग्रॅम द्यायचाय. खाजवून खरूज कशाला काढतेस?”

“साहेब, ती पास होत नाही. ती थांबतच नाही.”

जावेने इशारा परत चालू केला आणि चाचणीला उत्तर येईपर्यंत थांबवलं. तेव्हा ती नापास झाली: दोन डॉक्टरांनी एकदम औषध लिहिलं की एकाचा इशारा हरवत होता. प्रोग्रॅम द्यायचं अडलं, साहेबांचा अबोला सुरू झाला.

घरी आली ती चपलाही न काढता बसली. मी पाणी दिलं.

“देवानं वेळेत दाखवलं गं.”

“हो ताई,” ती म्हणाली. “पण बाकीच्या सगळ्या चाचण्या आता मलाच बघायच्यात.”