नातीला कुणी विचारलं नाही

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. आमच्याकडंच वाढलेली चार वर्षांची नात ओसरीवर शेंगा सोलत, दाणे रांगेत लावत होती. मी मदतीला हात घातला तर बायको म्हणाली, "अहो, तिच्या मनानं करू द्या की." तेवढ्यात मुलाची गाडी आली. नातीला पुण्याच्या शाळेत घालायचं ठरलं होतं, आणि बायकोला ते महिनाभर ठाऊक होतं. पोर रडतच गेली. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं असतं व्हय?" बायको म्हणाली. मी म्हणालो, "माझं जाऊ दे, तिला तरी विचारलं का?" बायको आता नाही, घर खायला उठतं, पण राग गेलेला नाही. पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा पुढं केला होता. मी तो तिच्यादेखत तसाच ठेवला आणि रानात निघून गेलो.